तारेच्या मापाने बेतलेले कार्टूनपट

इंटरनेटवर दाखवण्यासाठीच म्हणून जे कार्टूनपट तयार झाले, त्यांचा आरंभकाळ १९९६ ते २००५ असा साधारण दहा वर्षांचा मानता येतो. या काळाच्या एका टोकाला ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ नावाची एक छोटी संगणकप्रणाली आहे, तर दुसऱ्या टोकाला यूट्यूबचा उदय आहे. आणि या दोहोंच्या दरम्यान, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी वाहिनी किंवा वितरक यांच्यापैकी कोणाच्याही दारी न जाता, घरी बसून एकट्याने केलेले कार्टून लाखो लोकांपर्यंत पोहोचवण्याची सोय चित्रकाराला प्रथमच मिळाली. त्या वेळच्या कार्टूनपटांतील जाड काळ्या रेषा, सपाट रंग, जागचे न हलणारे देखावे, पुन्हा पुन्हा येणारे तेच हातवारे आणि दीडदोन मिनिटांत आटपणारी गोष्ट ही लक्षणे पुढच्या पिढीला नवशिकेपणाची वाटली, आणि त्यामुळे हा सगळा काळ कलेच्या इतिहासात उपेक्षित राहिला. वास्तविक यांतील बहुतेक लक्षणांचे मूळ चित्रकाराच्या कौशल्यात नव्हे, तर टेलिफोनच्या तारेच्या वहनक्षमतेत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, या न्यायाने एका संपूर्ण कलाप्रकाराने आपले रूप ठरवले, आणि ते अंथरूण नेमके किती लांबीचे होते हे पाहिल्याशिवाय त्या रूपाचे मोल कळत नाही.

कोणतेही चलचित्र ही मुळात स्थिर चित्रांची मालिका असते. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या थोड्याथोड्या सरकवून एकेक चौकट टिपली होती, आणि चौकटीमागून चौकट भरभर दाखवून हालचालीचा भास निर्माण करण्याचे हे तत्त्व संगणकाच्या पडद्यावरही तसेच लागू पडते. फरक पडतो तो वाहतुकीच्या हिशेबात. संगणकावरील चित्र सामान्यतः ठिपक्यांचे बनलेले असते. ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पूर्ण रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद ३ बाइटांत केली, तर एका चौकटीला ९,२१,६०० बाइट लागतात. १९९६ च्या सुमारास घरोघरी जो मोडेम असे, म्हणजे संगणकातील माहितीचे टेलिफोनच्या तारेवरून जाणाऱ्या ध्वनिसंकेतांत रूपांतर करणारे जे उपकरण असे, त्याचा चांगल्यातला चांगला प्रचलित वेग सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइट इतका होता. या वेगाने वरील एकच चौकट यायला चार मिनिटांहून अधिक काळ लागतो, आणि चित्रपटाप्रमाणे सेकंदाला २४ चौकटी दाखवायच्या ठरवल्यास एका सेकंदाच्या हालचालीसाठी प्रेक्षकाला जवळजवळ पावणेदोन तास थांबावे लागेल. माहिती दाबून लहान करण्याच्या युक्त्या तेव्हाही होत्या आणि १९९८ पासून ५६ हजार बिटांचे मोडेमही रूढ होऊ लागले, तरी या मूळ हिशेबातून सुटका नव्हती.

या अडचणीवरचा पहिला तोडगा होता ‘जिफ’ या चित्रप्रकाराचा. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये तो आणला, १९८९ च्या सुधारित आवृत्तीत एकाच फायलीत अनेक चौकटी ठेवण्याची व्यवस्था परिपूर्ण झाली, आणि नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने त्या चौकटी अखंड फिरत ठेवण्याची सोय केल्यावर संकेतस्थळांवर फडफडणारे झेंडे आणि फिरणारी पाकिटे सर्वत्र दिसू लागली. १९९६ मध्ये ‘कॅरेक्टर स्टुडिओ’ या त्रिमित प्रणालीच्या नमुन्यातून निघालेले नाचणारे बाळ ई-मेलमधून हातोहात पसरले आणि १९९८ मध्ये ‘अ‍ॅली मॅकबील’ या अमेरिकी मालिकेतही अवतरले. मात्र या चित्रांना आवाज नव्हता, गोष्ट नव्हती आणि काही सेकंदांपलीकडे आयुष्यही नव्हते. दुसरीकडे ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी १९९५ मध्ये कागदाचे तुकडे कापून बनवलेला ‘द स्पिरिट ऑफ ख्रिसमस’ हा लघुपट आधी व्हिडिओ कॅसेटींवरून आणि नंतर इंटरनेटवरून फिरला; त्याच्या लोकप्रियतेतून १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘साऊथ पार्क’ ही मालिका सुरू झाली. या लघुपटाला पुष्कळदा इंटरनेटवरील पहिले गाजलेले कार्टून म्हटले जाते, परंतु तो इंटरनेटने वाहिला होता, इंटरनेटसाठी घडवला गेला नव्हता, आणि इतिहास लिहिताना हा भेद काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे.

खरी वाट सापडली ती कार्टूनशी संबंध नसलेल्या एका उद्योगातून. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे जोनाथन गे या तरुण प्रणालीकाराने, चार्ली जॅक्सन यांच्या साहाय्याने, १९९३ च्या जानेवारीत फ्यूचरवेव्ह सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. विशेष लेखणीने थेट पडद्यावर लिहिता येणाऱ्या संगणकांसाठी रेखाटनाची प्रणाली करायची, हा तिचा हेतू होता, आणि त्यातून ‘स्मार्टस्केच’ तयार झाले; परंतु ज्या लेखणी-संगणकांवर ही सारी भिस्त होती, त्यांचा प्रकल्पच १९९४ मध्ये बंद पडला. स्मार्टस्केच मग विंडोज आणि मॅकिंटॉशसाठी बदलून घेण्यात आले, पण तेथे मोठमोठ्या कंपन्यांच्या रेखाटन प्रणाली आधीच ठाण मांडून बसल्या होत्या. १९९५ मध्ये ‘सिग्राफ’ या संगणकीय चित्रकलेच्या वार्षिक मेळाव्यात अनेकांनी गे यांना सुचवले की, या रेखाटनांना हालचालीची जोड द्यावी. त्यांनी ती दिली, आणि त्याच सुमारास ब्राउझरला बाहेरून जोडता येणाऱ्या पूरक प्रणालींसाठी, म्हणजे ‘प्लग-इन’साठी, नेटस्केपने दार उघडल्यामुळे ही हालती रेखाटने इंटरनेटच्या पानावर चालू लागली. १९९६ च्या उन्हाळ्यात ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ विक्रीस आले, मायक्रोसॉफ्ट आणि डिस्ने यांसारख्या ग्राहकांनी ते वापरले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मॅक्रोमीडिया या कंपनीने फ्यूचरवेव्ह विकत घेऊन या प्रणालीला ‘फ्लॅश’ हे नवे नाव दिले. याआधी, १९९५ मध्ये, गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र अ‍ॅडोबी कंपनीला विकण्याचा प्रयत्न केला होता आणि तिने ते नाकारले होते. त्याच अ‍ॅडोबीने दहा वर्षांनी सुमारे ३४० कोटी डॉलर मोजून संपूर्ण मॅक्रोमीडिया खरेदी केली.

फ्लॅशचे बळ त्याच्या चित्र साठवण्याच्या पद्धतीत होते. ठिपके मोजत बसण्याऐवजी ते रेषांची गणिती वर्णने साठवी: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वक्र रेषा, तिची जाडी एवढी, तिच्या आत हा रंग. यालाच ‘व्हेक्टर’ चित्र म्हणतात. लाल चेंडू पडद्याच्या अर्ध्या भागाएवढा असो की बोराएवढा, त्याचे वर्णन तेवढ्याच थोड्या बाइटांत मावते, आणि प्रत्यक्ष रंग भरण्याचे काम तारेच्या या टोकाला, प्रेक्षकाच्या संगणकावर होते. रंगवलेले चित्र पाठवण्याऐवजी ते कसे रंगवावे याची सूचना पाठवायची, असा हा व्यवहार होता. त्याच्या जोडीला आणखी दोन सोयी होत्या. एकदा काढलेले डोके, हात किंवा झाड ‘सिम्बॉल’ म्हणून संग्रहात ठेवले की ते शंभर वेळा वापरले तरी फायलीत एकदाच साठवले जाई. आणि हालचालीची फक्त सुरुवात व शेवट दाखवला की मधल्या चौकटी प्रणाली स्वतःच भरून काढी, ज्याला ‘ट्वीनिंग’ असे नाव पडले. हे नाव जुन्या स्टुडिओंमधून आले आहे, कारण तेथे प्रमुख चित्रकार ठळक मुद्रा काढत आणि त्यांच्यामधली चित्रे भरण्याचे किचकट काम कनिष्ठ कलावंतांच्या, म्हणजे ‘इन-बिटवीनर’च्या, वाट्याला येई.

आता त्या जाड रेषांचा आणि सपाट रंगांचा उलगडा होतो. जलरंगासारखी छटा किंवा पेन्सिलीचा खरखरीतपणा दाखवायचा तर असंख्य बारीक आकारांची वर्णने लागतात आणि फाईल फुगते. याउलट स्वच्छ कड असलेला एकरंगी आकार सर्वांत स्वस्त पडतो. पात्राचे धड स्थिर ठेवून फक्त तोंड बदलायचे, आणि तेही संग्रहातल्या पाचसात ओठांच्या आकारांतून, हा उपाय अमेरिकी दूरचित्रवाणीच्या कार्टूनपटांनी पैसा वाचवण्यासाठी दशकानुदशके वापरला होता. इंटरनेटवरील चित्रकारांनी तोच बाइट वाचवण्यासाठी उचलला. फ्लॅशने आपणहून सुचवलेला वेगही सेकंदाला १२ चौकटींचा, म्हणजे चित्रपटाच्या निम्मा होता. आश्चर्याची बाब अशी की, चित्र इतके हलके झाल्यावर सर्वांत जड वस्तू उरली ती आवाजाची. माणसाचा आवाज रेषांच्या वर्णनात बसत नाही, तो नोंदवून पाठवावाच लागतो. म्हणून संवाद तुटक, पार्श्वसंगीत चार ठेक्यांचे आणि फिरफिरून तेच, अशी रीत पडली. १९९९ मध्ये आलेल्या फ्लॅशच्या चौथ्या आवृत्तीत ‘एमपी३’ पद्धतीने आवाज दाबण्याची सोय झाली, आणि त्यानंतर कार्टूनपटांतील पात्रे मोकळेपणाने बोलू लागली, हे त्या काळातील कामे क्रमाने पाहिली की सहज लक्षात येते.

खास इंटरनेटसाठी केलेली पहिली कार्टून मालिका म्हणून ‘द गॉडडॅम जॉर्ज लिकर प्रोग्रॅम’ या मालिकेचे नाव बहुधा घेतले जाते. तिचा कर्ता जॉन क्रिकफालूसी याने १९९१ मध्ये निकलोडियन वाहिनीसाठी ‘रेन अँड स्टिम्पी’ ही गाजलेली मालिका निर्माण केली होती, परंतु वाहिनीशी मतभेद होऊन १९९२ मध्ये त्याला तिच्यावरून दूर करण्यात आले आणि पात्रेही त्याच्या हातून गेली. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या ‘स्पम्को’ स्टुडिओच्या संकेतस्थळावर फ्लॅशमध्ये केलेले छोटे भाग दाखवायला सुरुवात केली. पाहणारे थोडे होते, उत्पन्न जवळजवळ नव्हते, आणि मालिका लवकरच थांबली. तरीही तिचे महत्त्व मोठे आहे, कारण आपल्या पात्रावरचा हक्क आपल्याकडे ठेवून, मधल्या कोणालाही न विचारता, कार्टूनकार थेट प्रेक्षकासमोर उभा राहू शकतो हे एका मातब्बर कलावंताने प्रत्यक्ष करून दाखवले. १९९९ च्या सुरुवातीला ‘व्हर्लगर्ल’ ही मालिका इंटरनेटवर आणि शोटाइम वाहिनीवर एकाच वेळी दाखवली गेली, तेव्हा उलट दिशेचा प्रवासही सुरू झाला.

त्याच वर्षी जो शील्ड्स या चित्रकाराचे मिक्सरमधल्या बेडकाचे कार्टून जगभर पसरले. त्याची अभिरुची वादग्रस्त आहे, पण रचना पाहण्याजोगी आहे: पाण्याने भरलेल्या भांड्यात एक बेडूक बसलेला असतो, तो प्रेक्षकाला डिवचत राहतो, आणि भांड्याखालची १ ते १० क्रमांकांची बटणे प्रेक्षकाने स्वतः दाबायची असतात. पुढचे बटण दाबले नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. चित्रपटगृहात किंवा दूरचित्रवाणीवर ही कृती होऊच शकली नसती, कारण तिच्यातील क्रौर्याची जबाबदारी पाहणाऱ्याच्या बोटावर टाकलेली आहे. नव्या माध्यमाची स्वतःची म्हणता येईल अशी ही पहिली कथनरीत होय.

१९९९ मध्ये शेअर बाजारातील इंटरनेट कंपन्यांची तेजी शिगेला पोहोचत होती, आणि तिच्याबरोबर हॉलिवूडचा पैसा या क्षेत्रात उतरला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांची ड्रीमवर्क्स आणि रॉन हॉवर्ड यांची इमॅजिन या कंपन्यांनी, उद्योगपती पॉल अ‍ॅलन यांच्या पाच कोटी डॉलरच्या भांडवलावर, ‘पॉप डॉट कॉम’ची घोषणा केली. दूरचित्रवाणीच्या अनुभवी लेखकांनी ‘आइसबॉक्स’ उभे केले, वृद्ध चित्रकथालेखक स्टॅन ली यांच्या नावाने एक स्वतंत्र कंपनी निघाली, आणि दिग्दर्शक टिम बर्टन यांनी २००० मध्ये ‘स्टेनबॉय’चे सहा छोटे भाग इंटरनेटसाठी केले. या साऱ्या योजनांचे गणित एकाच गृहीतकावर उभे होते, ते म्हणजे प्रेक्षक जमले की जाहिराती येतील. प्रेक्षक जमण्याआधीच मार्च २००० मध्ये बाजार उतरणीला लागला. पॉप डॉट कॉम एकही कार्टून न दाखवता सप्टेंबरात गुंडाळले गेले, स्टॅन ली यांच्या नावाच्या कंपनीचे काम डिसेंबरात थांबले, आणि आइसबॉक्स २००१ च्या फेब्रुवारीत बंद पडले. संपादक नसण्याची जी मोकळीक चित्रकारांना हवीहवीशी होती, तिची दुसरी बाजूही याच संस्थेत दिसून आली: ‘मिस्टर वाँग’ या तिच्या मालिकेतील चिनी नोकराच्या चित्रणाविरुद्ध आशियाई-अमेरिकी संघटनांनी निषेध नोंदवला, आणि तो योग्यच होता.

भांडवल ओसरल्यावर जे टिकले ते भांडवलावर कधी अवलंबूनच नव्हते. पेनसिल्व्हेनियातील टॉम फल्प याने किशोरवयात काढलेल्या हस्तपत्रिकेतून १९९५ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे त्याचे नाव ‘न्यूग्राउंड्स’ झाले. इतरांची कार्टुने तो आधी स्वतः एकेक करून चढवत असे. एप्रिल २००० मध्ये त्याच्या सहकाऱ्याने अशी यंत्रणा केली की कोणीही आपली फाईल पाठवावी, ती तत्काळ प्रसिद्ध व्हावी, आणि पाहणाऱ्यांनी शून्य ते पाच गुण देऊन तिला राखावे किंवा काढून टाकावे. दूरचित्रवाणीत जे काम वाहिनीचा अधिकारी करतो, ते येथे अनोळखी प्रेक्षकांच्या मतदानाने होऊ लागले, आणि शाळकरी मुलांनी सुट्टीत केलेली कार्टुने व्यावसायिकांच्या कामाशेजारी येऊन बसली. यूट्यूबच्या पाच वर्षे आधीची ही व्यवस्था आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या काळातील सर्वांत रसाळ काम मात्र अटलांटा शहरातल्या माइक आणि मॅट चॅपमन या भावांचे आहे. ‘होमस्टार रनर’ हे त्यांचे पात्र १९९६ मध्ये मुलांसाठी केलेल्या एका हस्तनिर्मित पुस्तकात जन्मले, आणि माइकने क्रेग झोबेल या मित्रासह ते पुस्तक केले होते. फ्लॅश शिकून घेतल्यावर भावांनी २००० च्या जानेवारीत संकेतस्थळ उघडले. होमस्टारला दिसणारे हातच नाहीत. हे रूप पुस्तकातलेच असल्यामुळे त्याचे श्रेय फ्लॅशला देता येत नाही, परंतु बाइटांच्या काटकसरीला ते आपोआपच सोयीचे पडले. ऑगस्ट २००१ पासून कुस्तीचा मुखवटा चढवलेले ‘स्ट्राँग बॅड’ हे पात्र वाचकांनी पाठवलेल्या खऱ्या ई-मेलना उत्तरे देऊ लागले. एक टेबल, एक जुनाट संगणक, पडद्यावर उमटणारी अक्षरे आणि पाठीमागून येणारा मॅटचा घोगरा आवाज, एवढ्या सामग्रीवर भागाची सुरुवात होई. हलते फारच थोडे, आणि तरीही बोलण्याच्या लयीवर माणूस खिळून राही. ‘मार्झिपॅन’ वगळता जवळजवळ सर्व पात्रांचे आवाज मॅटनेच दिले. प्रत्येक भागाच्या शेवटी कोपऱ्यातल्या वस्तूंवर टिचकी मारली की लपवलेले विनोद उघडत. भावांनी जाहिराती घेतल्या नाहीत. पात्रांची चित्रे असलेल्या टी-शर्टांच्या आणि तत्सम वस्तूंच्या विक्रीवर दोघांचा प्रपंच चालला. कोट्यवधी डॉलरांच्या कंपन्यांना जे जमले नाही ते येथे साधले, कारण खर्चच दोन माणसांच्या पोटापुरता होता.

आशियात या कलेने वेगळे वळण घेतले. चीनमध्ये फ्लॅशवर काम करणाऱ्यांना ‘शानके’ असे स्वतंत्र नावच मिळाले, आणि झू झिचियांग याच्या ‘श्याव श्याव’ मालिकेने, केवळ काड्यांच्या काळ्या माणसांतून, हाँगकाँगच्या मारधाडपटांची गती पडद्यावर उभी केली. चेहरा नसलेल्या आकृतीला भाषांतराची गरज नसल्यामुळे ती जगभर पाहिली गेली. नायके कंपनीच्या जाहिरातीत तशीच काडीमाणसे दिसल्यावर झूने दावा लावला, २००४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयात तो जिंकलाही, परंतु अपिलात हरला. वर्तुळ आणि पाच रेषा यांच्यावर कोणाचा मालकी हक्क सांगता येईल, हा प्रश्न काटकसरीच्या कलेतूनच उद्भवला. कोरियात त्याच सुमारास ‘माशिमारो’ नावाचा ससा फ्लॅशमधून निघून खेळण्यांच्या दुकानांत पोहोचला.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे दिसतच नसत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, सायबर कॅफे वाढले, आणि तासावर पैसे मोजणाऱ्या मुंबई-पुण्याच्या तरुणांनी हे कार्टूनपट पाहिले ते फाईल किती उतरली हे दाखवणारी पट्टी भरण्याची वाट पाहत. फ्लॅश शिकवणारे वर्गही याच शहरांत निघाले, आणि त्यांतून शिकलेल्यांनी शुभेच्छापत्रे, मुलांच्या गोष्टींच्या सीडी आणि जाहिरातींचे हलते फलक केले.

२००५ मध्ये यूट्यूब आले तेव्हा त्यावरील व्हिडिओ फ्लॅशच्याच खेळवणीयंत्रातून, म्हणजे ‘प्लेयर’मधून, दिसत होते. परंतु वेगवान जोडण्यांमुळे बाइटांची टंचाई संपली, आणि कार्टून हे इतर व्हिडिओंसारखेच एक व्हिडिओ होऊन त्याची बटणे व लपवलेले विनोद हरवले. २०१० मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोनवर फ्लॅश चालणार नाही हे जाहीरपणे स्पष्ट केले, ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचा आधार काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते खेळवणीयंत्र चालेनासे झाले. एका खासगी कंपनीच्या यंत्रावर एक संपूर्ण कला विसंबून राहिल्याचे हे फळ होते. ‘रफल’ या मुक्त प्रणालीने जुन्या फायली आधुनिक ब्राउझरमध्ये पुन्हा जिवंत केल्या, इंटरनेट आर्काइव्हने त्यांचा संग्रह उघडला, आणि न्यूग्राउंड्स व होमस्टार रनर यांची जुनी कामे आजही पाहता येतात. मराठी कलावंतांनी त्या वर्षांत केलेली कामे मात्र बहुतांशी घरातल्या सीडींवरच असावीत. लिहिता येणाऱ्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होत जातो. म्हणून ज्यांच्याकडे फ्लॅशच्या ‘एफएलए’ किंवा ‘एसडब्ल्यूएफ’ प्रकारच्या फायली असतील, त्यांनी त्या नव्या जागी उतरवून घ्याव्यात आणि त्यांची एक प्रत एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे द्यावी.